भिवंडीचे लूम किलोवर का विकले जातात?

भिवंडीत आज एखादा कारखाना बंद होतो तेव्हा त्यातले बरेचसे लूम दुसऱ्या कारखान्यात जात नाहीत. भंगारवाला येतो, लोखंडाचा भाव सांगतो, लूम तोडून वजनावर नेतो. मग त्या गाळ्यात गोदाम होतं, किंवा गाळा पाडून इमारत उभी राहते. मी पीएचडीसाठी भिवंडीच्या यंत्रमागांचा इतिहास घेतला आहे हे कळल्यावर गावातले लोक पहिला प्रश्न हाच विचारतात: "धंदा बसला कशाने, ते सांगा ना." आणि मी काही बोलायच्या आत उत्तरही तेच देतात. कुणी नोटाबंदी म्हणतं, कुणी जीएसटी, कुणी चीनचं कापड, कुणी विजेचं बिल.

यातलं एकही उत्तर खोटं नाही. पण सगळी मिळून जेमतेम वीस-पंचवीस वर्षांची आहेत. ज्या साध्या लूमवर भिवंडी उभी आहे तो तंत्रज्ञान म्हणून त्याच्या कितीतरी आधीच जुना झाला होता. म्हणून मी प्रश्न थोडा फिरवून घेतला आहे. लूम का बंद पडले याच्या आधी विचारायला हवं की इतका जुना लूम इतकी वर्षं चालला कसा? त्याचं उत्तर मिळालं की पडझडही समजते. आजची पोस्ट त्यावर आहे.

गिरणीने टाकलेले लूम

भिवंडी मुळात खाडीकाठचं बंदर. माल कल्याण-भिवंडीच्या खाडीतून जायचा. हातमागावर कापड विणणारी घरंही इथे जुनी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर प्रदेशातले मोमीन विणकर मोठ्या संख्येने इकडे आले. पुढे तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. पद्मानगर, कामतघर भागात त्यांची वस्ती आजही आहे. म्हणजे यंत्र यायच्या आधी विणायचं कसब गावात आलेलं होतं.

१९३० च्या आसपास वीज आली आणि पाठोपाठ यंत्रमाग. हे माग नवे नव्हते. मुंबईच्या गिरण्या जुने लूम मोडीत काढायच्या आणि इथले ऐपतदार विणकर ते विकत घ्यायचे. इतिहासकार डग्लस हेन्स यांनी पश्चिम भारतातल्या छोट्या शहरांवर २०१२ साली जे पुस्तक लिहिलं, त्यात ही प्रक्रिया भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरत अशा गावांत कशी घडली ते दाखवलं आहे. त्यांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. यंत्रमाग बाहेरच्या कुणी भांडवलदाराने आणून बसवले नाहीत. हातमाग विणणाऱ्यांतूनच छोटे कारखानदार तयार झाले, आणि गिरणीने टाकून दिलेल्या यंत्रावर त्यांनी धंदा उभा केला.

पण टाकून दिलेल्या यंत्रावर विणलेलं कापड गिरणीच्या कापडापुढे टिकलं कसं? इथे सरकारी नियम येतात.

नियमांनी तयार केलेला फरक

स्वातंत्र्यानंतर सरकारला हातमाग वाचवायचा होता. लाखो घरं त्यावर जगत होती. त्यामुळे १९५० च्या दशकाच्या मध्यापासून गिरण्यांना नवे लूम वाढवायला जवळजवळ बंदी झाली. गिरणीच्या कापडावर अबकारी कर चढत गेला. काही जाडंभरडं कापड ठरलेल्या भावातच विणून विका असंही बंधन आलं. शिवाय गिरणी कामगारांना संघटना होती, भविष्यनिर्वाह निधी होता, कारखाना कायदा होता.

या प्रत्येक नियमामुळे गिरणीचं कापड महाग होत गेलं. गिरणीला जे विणता येत नव्हतं किंवा परवडत नव्हतं ते कुणीतरी विणणारच होतं. ते हातमागाने विणावं अशी सरकारची अपेक्षा होती. विणलं यंत्रमागाने. यंत्रमागावरही परवान्याची बंधनं होती, पण गल्लीबोळातल्या चार लूमवर कोण लक्ष ठेवणार? छोट्या युनिटला अबकारीत सूट मिळायची. कामगारांची संख्या एका मर्यादेच्या खाली ठेवली की कारखाना कायदा लागू होत नसे. साहजिकच एकाच छपराखालचे चोवीस लूम कागदावर सहा जणांचे होत. बायकोच्या, भावाच्या, मेहुण्याच्या नावावर चार-चार.

१९५०-५१ मध्ये देशातल्या कापडाच्या पाच भागांपैकी जवळपास चार भाग गिरण्या विणत होत्या. आज तोच वाटा ५ टक्क्यांच्याही आत आहे. मधल्या काळातलं सगळ्यात मोठं वळण आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरण्या थांबल्या, पण बाजारातलं कापड थांबलं नाही. ते भिवंडीत विणलं जाऊ लागलं. काही गिरण्यांनी तर स्वतःच बाहेर विणून घेतलेल्या कापडावर आपला शिक्का मारून विकलं. मुंबईत गिरणगाव संपत होतं आणि चाळीसेक किलोमीटरवर भिवंडीत रात्रपाळीचे लूम वाढत होते. तीच मागणी, तेच कापड, फक्त विणणाऱ्याची मजुरी कमी आणि हक्क जवळजवळ शून्य.

थोडं भौतिकशास्त्र

एमएस्सी भौतिकशास्त्रात केल्यामुळे मला लूमकडे यंत्र म्हणून पाहिल्याशिवाय राहवत नाही. आणि इथे ते पाहणं उपयोगाचंही आहे.

कापड म्हणजे उभे धागे आणि त्यांच्यातून जाणारे आडवे धागे. साध्या लूममध्ये आडवा धागा घेऊन धोटा पळतो. धोटा म्हणजे लाकडाची छोटी होडी, तिच्या पोटात धाग्याची कांडी. कांडीसकट वजन साधारण ४०० ग्रॅम धरू. तो सेकंदाला दहा-बारा मीटर वेगाने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकायचा, तिथे आदळून थांबवायचा, आणि परत उलटा फेकायचा. मिनिटाला साधारण १२० वेळा.

आता प्रत्येक फेरीत कापडात पडतं काय? ४० काउंटच्या सुती धाग्याचा दीड मीटर लांबीचा तुकडा. त्याचं वजन भरतं अंदाजे ०.०२२ ग्रॅम. म्हणजे ०.०२२ ग्रॅम धागा पोचवायला आपण ४०० ग्रॅम वजन फेकतोय. जवळजवळ १८ हजार पट! ती सगळी ऊर्जा ठोक्यात, आवाजात आणि उष्णतेत जाते. भिवंडीच्या गल्लीत जो खटखट आवाज यायचा तो या वाया जाणाऱ्या ऊर्जेचाच. एअरजेट लूममध्ये धोटा नसतोच. हवेचा झोत नुसता धागा ओढून नेतो. त्यामुळे तो मिनिटाला ६०० किंवा त्याहून जास्त वेळा आडवा धागा टाकू शकतो.

हिशोब करून बघा. इंचाला ५२ आडवे धागे असलेलं कापड घेऊ. या आडव्या धाग्याला धंद्यात 'पिक' म्हणतात. एका मीटरला सुमारे २,०४७ पिक लागतात. साधा लूम बारा तासांच्या पाळीत, धागा तुटणं आणि कांडी बदलणं धरून, ८० टक्के वेळ चालला तर साधारण ३४ मीटर विणतो. ६०० च्या वेगाचा एअरजेट ९० टक्के वेळ चालला तर १९० मीटरच्या आसपास. साडेपाच पट फरक आहे हा. साध्या लूमच्या कापडात दोषही जास्त राहतात, त्यामुळे निर्यातीच्या किंवा मोठ्या ब्रँडच्या ऑर्डरी त्याच्याकडे येणं कठीण.

साडेपाच पटीचा फरक मेहनतीने भरून निघत नाही. तो दोनच गोष्टींनी झाकता येतो: एक म्हणजे स्वस्त मजुरी, आणि दुसरी म्हणजे समोरच्याला महाग पाडणारे नियम. भिवंडीकडे काही दशकं दोन्ही होतं.

नफा गेला कुठे?

मग त्या चांगल्या दिवसांत कारखानदारांनी नवे लूम का घेतले नाहीत? "शिकलेले नव्हते", "दूरदृष्टी नव्हती" असं सर्रास ऐकायला मिळतं. मला हे उत्तर आळशीपणाचं वाटतं. पैसा कुणाच्या हातात साठत होता ते आधी पाहायला हवं.

भिवंडीतले बहुतेक लूममालक सूत स्वतः विकत घेत नाहीत आणि कापडही स्वतः विकत नाहीत. सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं. लूममालक मजुरीवर विणून देतो. मजुरी ठरते पिकावर. समजा भाव पिकाला ६ पैसे आहे. मग ५२ पिकाच्या कापडाला मीटरमागे ५२ गुणिले ६, म्हणजे ३ रुपये १२ पैसे. वरच्या ३४ मीटरचे होतात साधारण १०६ रुपये, एका लूमचे, एका पाळीचे. यातून कारागिराची मजुरी, वीज, गाळ्याचं भाडं, कांडीवाला, सुटे भाग. (हा ६ पैशांचा भाव मी उदाहरणासाठी धरला आहे, पण हिशोबाची रीत हीच.)

सुताचा भाव पडला तर फायदा व्यापाऱ्याचा. कापडाचा भाव चढला तरी व्यापाऱ्याचाच. मंदी आली की मात्र पहिली कात्री पिकाच्या भावाला लागते, आणि लूममालक ती पुढे कारागिराच्या मजुरीला लावतो. नियमांमुळे गिरणीच्या आणि यंत्रमागाच्या कापडात जो फरक पडत होता त्याचा मोठा हिस्सा सूत आणि कापड हातात असलेल्यांकडे गेला. त्यांना लूममध्ये पैसे घालायची गरज नव्हती. इथे नाही तर दुसऱ्या गावात विणून मिळालंच असतं. आणि ज्याच्याकडे लूम होता त्याच्याकडे लाखो रुपयांच्या एअरजेटसाठी ना बचत होती ना तारण. कर्ज काढायचं तर वाढलेला धंदा कागदावर दाखवावा लागतो. पण कागदावर तर सगळं चार-चार लूममध्ये वाटलेलं! ज्या तुकड्यांनी करापासून वाचवलं त्याच तुकड्यांनी बँकेपासूनही लांब ठेवलं.

केळ्यांची बेटं

माझ्या गाईडने मला कॅरिबियन बेटांचा इतिहास वाचायला लावला तेव्हा भिवंडीचा त्याच्याशी काय संबंध हे सुरुवातीला कळेना. वाचत गेल्यावर कळलं.

डॉमिनिका, सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट ही चिमुकली बेटं. १९५० च्या दशकापासून तिथले छोटे शेतकरी डोंगरउतारावर केळी लावू लागले. सगळी केळी ब्रिटनला जात, आणि ती विकत घेऊन जहाजाने नेण्याचं काम मुख्यतः गीस्ट नावाच्या एका कंपनीकडे. लॅटिन अमेरिकेतल्या सपाट जमिनीवरच्या प्रचंड मळ्यांत केळी याहून कितीतरी स्वस्त पिकायची. पण ब्रिटनने, आणि १९७५ च्या लोमे करारानंतर युरोपीय समुदायाने, आपल्या जुन्या वसाहतींच्या केळ्यांना बाजारात खास जागा राखून ठेवली होती. त्या राखीव जागेवर बेटांवरचे रस्ते, शाळा, घरं उभी राहिली.

मग अमेरिका, इक्वेडोर, ग्वाटेमाला, होंडुरास आणि मेक्सिको जागतिक व्यापार संघटनेकडे गेले. अमेरिका स्वतः केळी फारशी निर्यात करत नव्हती, पण चिकीटासारख्या तिच्या कंपन्यांचे मळे लॅटिन अमेरिकेत होते. १९९७ मध्ये निकाल युरोपच्या विरोधात गेला आणि पुढच्या काही वर्षांत ती राखीव जागा आक्रसत गेली. विंडवर्ड बेटांवरच्या हजारो शेतकऱ्यांनी केळी सोडली.

बेटं लहान होती म्हणून बुडाली असं म्हणणं सोपं आहे. पण राखीव बाजाराची जी चाळीसेक वर्षं मिळाली त्यातला नफा जहाज, गोदी आणि दुकान ज्यांच्या हातात होतं त्यांच्याकडे जास्त साठला, उतारावरच्या शेतकऱ्याकडे कमी. सवलत गेली तेव्हा त्याच्याकडे दुसरं काही सुरू करायला पुंजी नव्हती. भिवंडी समुद्रात नाही, पण नियमांनी तिचंही बेट केलं होतं.

सावली सरकत गेली

आपल्याकडे हे एका निकालाने झालं नाही. तीस-पस्तीस वर्षांत एकेक नियम बदलला. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी आणि यंत्रमाग यांना समान वागवायचं ठरवलं. १९९९ मध्ये यंत्रं सुधारण्यासाठी केंद्राची स्वस्त कर्जाची योजना आली. तिचा फायदा ज्यांची कागदपत्रं चोख होती त्यांना आधी झाला. १ एप्रिल २००१ पासून आयातीवरची संख्येची बंधनं उठली. २००३ च्या अर्थसंकल्पाने यंत्रमागाचं कापडही अबकारीच्या साखळीत ओढलं. पुढच्या वर्षी ते ऐच्छिक झालं. १ जानेवारी २००५ ला जगभरातली कापडाची कोटा पद्धत संपली आणि चीनला बाजार मोकळा झाला. २०११ पासून बांगलादेशचे कपडे भारतात जवळजवळ करमुक्त येऊ लागले.

विजेचंही तसंच. जानेवारी २००७ मध्ये भिवंडीची वीज वितरण व्यवस्था टोरंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून गेली, देशातला असा पहिला प्रयोग. त्याआधी गावात दिलेल्या विजेतली निम्म्याहून जास्त वीज गळती, चोरी आणि थकबाकीत जात होती. पुढे गळती खूप कमी झाली, भारनियमनही कमी झालं. पण साध्या लूमच्या हिशोबात स्वस्त किंवा न मोजलेली वीज हा एक अलिखित आधार होता, तो गेला. वीजबिलावरून गावात आजही वाद आहेत. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या असू शकतात.

मग नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी. कारागिराचा पगार रोखीत, सुट्या भागांचं पेमेंट रोखीत, त्यामुळे फटका थेट बसला. आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी. कापडावर ५ टक्के आणि कृत्रिम धाग्याच्या सुतावर सुरुवातीला १८ टक्के, ऑक्टोबरमध्ये १२. समजा ६० रुपयांचं सूत घेतलं, १२ टक्क्यांनी कर ७ रुपये २० पैसे. कापड विकलं १०० रुपयांना, कर ५ रुपये. जास्तीचे २ रुपये २० पैसे सरकारकडे अडकले, आणि ऑगस्ट २०१८ पर्यंत ते परत मिळायची सोयच नव्हती. जी गिरणी स्वतःच सूत काढते आणि स्वतःच विणते तिला हा प्रश्न फारसा आला नाही. पूर्वी अबकारी कर गिरणीला महाग पाडायचा. आता कराची तीच तिरकी चाल यंत्रमागावर उलटली. सप्टेंबर २०२५ मध्ये कृत्रिम सुतावरचा कर ५ टक्क्यांवर आला तेव्हा हा तिढा सुटला. मधल्या आठ वर्षांत भंगारात गेलेले लूम काही परत आले नाहीत.

वहीत नसलेली माणसं

या सगळ्या गोष्टीत ज्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही तो कारागीर. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून येणारा, मीटरवर मजुरी घेणारा, भिसीत जेवणारा. (भिसी म्हणजे कारागिरांची महिन्याच्या हिशोबाची खानावळ.) कारखाना कागदावर छोटा, त्यामुळे कारागीरही कागदावर नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीत लूम एका दिवसात थांबले तेव्हा त्याला कामावरून काढल्याचीही नोंद कुठे झाली नाही. मे २०२० मध्ये भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली, तेव्हा कुठे तो आकडेवारीत आला, तोही प्रवासी म्हणून.

आता गोदामांची पाळी

"लूम गेले तर गेले, गोदामं आली की!" असं म्हणणारेही आहेत. मानकोली, पूर्णा, राहनाळ, वळ या पट्ट्यात देशातल्या मोठमोठ्या कंपन्यांची गोदामं आहेत, हे खरंच आहे. पण ती इथे आली कशी? मुंबईत माल शिरताना जकात लागायची. भिवंडी जकातीच्या हद्दीबाहेर, महामार्गाच्या कडेला आणि ग्रामपंचायतींच्या जमिनीवर. म्हणजे गोदामंही नियमांच्या फरकातूनच वाढली. २०१७ मध्ये मुंबईची जकात गेली, तरी रस्ते आणि जागा यांमुळे गोदामं टिकली, उलट वाढली. चांगलंच आहे. फक्त लूमच्या वेळी जो प्रश्न कुणी विचारला नाही तो आता विचारावा: भाडं कुणाकडे जातंय, आणि पेट्या उचलणाऱ्याचं नाव कुठल्या वहीत आहे?

संरक्षण द्यायलाच नको होतं, असा निष्कर्ष कृपया यातून काढू नका. इचलकरंजीलाही हीच सावली मिळाली. तिथे सहकारी सूतगिरण्या झाल्या, १९८२ मध्ये कापडाचं शिक्षण देणारी डीकेटीई संस्था उभी राहिली, आणि धोटा नसलेले लूमही बऱ्याच संख्येने आले. तिथेही आज सगळं आलबेल नाही, पण सुताचा आणि शिक्षणाचा एक भाग तरी गावाच्या हातात राहिला. सवलत किती मिळाली याइतकंच ती चालू असताना पैसा कुठल्या हातात साठला यावर पुढचं ठरतं. माझा प्रबंध हेच भिवंडीच्या बाबतीत आकड्यांनिशी दाखवायचा प्रयत्न करतोय.

त्यासाठी मला सरकारी कागदांपेक्षा कारखान्यांच्या वह्या जास्त हव्या आहेत: मजुरीच्या, पिकाच्या भावाच्या, कांडीवाल्याच्या, भिसीच्या. लूमबरोबर त्याही रद्दीत जातायत. तुमच्या घरी, काकांच्या गाळ्यात, माळ्यावर कुठे १९९० च्या आधीची अशी वही असेल, उर्दूत असो, तेलुगूत किंवा मराठीत, तर विकण्याआधी एकदा कळवा. फोटो काढून जशीच्या तशी परत देईन. पुढच्या पोस्टमध्ये अशाच एका वहीतला पिकाचा भाव वर्षागणिक कसा बदलला ते मांडणार आहे.